एका कुंडीत फक्त माद्या, दुसरीत फक्त नर : भातावरच्या गादमाशीचं एक प्रकरण

हे प्रकरण कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीतलं आहे. मी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात झूऑलॉजी शिकवते आणि एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीचा प्रोजेक्ट माझ्याकडे होता, विषय भातावरची गादमाशी. त्या वर्षी लावणी उशिरा झाली, नंतर रिपरिप पाऊस आणि ढगाळ हवा, म्हणजे गादमाशीला पाहिजे तसंच सगळं जमून आलेलं. ज्या काकांच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, आम्ही काम करत होतो त्यांनी एक फुटवा उपटून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मॅडमांनू, भाताक कांद्याची पात कशी फुटली ती बघा!" आणि खरंच तसंच दिसतं ते. जिथं पान उलगडून पुढं लोंबी यायची तिथं आतून पोकळ, फिकट, चकचकीत नळी येते, यालाच चंदेरी पोंगा म्हणतात. त्या फुटव्याला लोंबी येत नाही.

ब्लेडने पोंगा उभा चिरला की आत बुडाशी एकच अळी किंवा कोष सापडतो. अंड्यातून बाहेर पडलेली अळी पानावरच्या पाण्याच्या पातळ थरातून सरपटत खाली वाढीच्या कोंबापर्यंत जाते, तिथं बसून खाते आणि तिच्यामुळं पानाचं आवरणच नळी होऊन वाढत सुटतं. कोष झाल्यावर तो पाठीवरच्या काट्यांच्या आधारानं नळीतून वर सरकतो, शेंड्याजवळ भोक पाडतो आणि रात्री त्यातून डासाएवढी माशी बाहेर येते. सकाळी शेतात गेलात तर कोषाचं रिकामं टरफल त्या भोकात अर्धं बाहेर आलेलं दिसतं. मादी जाडसर, पोट तांबूस नारिंगी, नर सडपातळ आणि मिशा लांब, त्यामुळं नर-मादी ओळखायला भिंग पुरतं.

विद्यार्थिनीचा मूळ विषय साधा होता, एक मादी साधारण किती पोंगे करते एवढंच बघायचं होतं. कोष असलेले पोंगे गोळा करून ओलसर बरणीत ठेवायचे, रात्री माश्या निघाल्या आणि जोड्या जमल्या की एकेक मादी उचलून वेगळ्या कुंडीवर सोडायची, कुंडीत गादमाशीला सहज बळी पडणाऱ्या वाणाची रोपं, वरून बारीक जाळी, आणि पुढची पिढी निघेपर्यंत पाणी मारत राहायचं. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतच एवढा ओलावा असतो की हे काम कोकणात करणं सोपं जातं.

निघालेल्या माश्या मोजताना तिला जाणवलं की एका कुंडीतून सगळ्या माद्याच निघतायत. बाजूच्या कुंडीतून सगळे नर. पुढची परत माद्यांची. जोड्या एकाच बरणीतल्या, रोपं एकाच तरव्यातली (रोपवाटिकेतली), माती एकच, पाणी एकच, आणि तरी कुंडीगणिक एकच लिंग. फक्त एका कुंडीत दोन्ही निघाले.

प्रोजेक्टच्या मधल्या तपासणीला बाहेरून आलेल्या एका परीक्षकांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की नमुने मिसळले असणार, किंवा अळीच्या वेळी उपासमार होऊन एक लिंग मेलं असणार, कारण नर-मादी निम्मे-निम्मे यायला हवेत हे बारावीचं पोरगं पण सांगेल. शंका रास्त आहे आणि ती विचारायलाच हवी. पण उपासमारीनं एक लिंग मेलं असतं तर कुठल्या ना कुठल्या कुंडीत मधलं काहीतरी दिसलं असतं, थोडे नर जास्त माद्या असं, आणि मेलेल्या अळ्या पोंग्यात सापडल्या असत्या. तसं नव्हतं. पोंगे चिरून बघितले, आत टरफलं होती, मेलेल्या अळ्या नव्हत्या.

खरं सांगायचं तर हे गादमाशीच्या बाबतीत माहीत असलेलं आहे. भातावरच्या गादमाशीत एका मादीची पिल्लं बहुतेक वेळा एकाच लिंगाची असतात, आणि याच कुटुंबातल्या बऱ्याच माश्यांमध्ये असंच असतं. मला या प्रकरणात जास्त महत्त्वाचं वाटतं ते याच्या मागचं कारण, कारण ते बरणीत नाही, कुंडीत नाही आणि रोपात पण नाही, ते अंडं घातल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत अंड्याच्या आत आहे. आणि तिथं जे घडतं ते आपण शाळेपासून शिकलोय त्याच्या बरोबर उलट आहे. आपण शिकलो की शरीरातल्या प्रत्येक पेशीत तेच आणि तेवढेच क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्रं, असतात. गादमाशीच्या घराण्यात असं नसतं.

आता इथं भात थोडा वेळ बाजूला ठेवून गव्हाकडे जायला लागेल, कारण या घराण्यातली सगळ्यात नीट अभ्यासलेली माशी गव्हावरची आहे. हेसियन माशी, शास्त्रीय नाव मायेटिओला डिस्ट्रक्टर, अमेरिकेत गव्हाचं मोठं नुकसान करणारी. हिच्या अंड्यात फलन झाल्यावर एकच न्यूक्लियस (केंद्रक) असतो आणि त्यात साधारण 40 क्रोमोसोम. किड्यांच्या अंड्यात सुरुवातीला पेशींच्या भिंती नसतात, न्यूक्लियस नुसते पिवळ्या बलकात विभागत राहतात, एकाचे दोन, दोनाचे चार, आठ, सोळा. चौथ्या विभाजनापर्यंत सगळे न्यूक्लियस एकसारखे. सोळा झाले की त्यातले दोन अंड्याच्या मागच्या टोकाला पोचलेले असतात, तिथं एक वेगळं, दाट द्रव्य असतं त्याला पोल प्लाझम म्हणतात, आणि ते दोन न्यूक्लियस तिथंच वेगळ्या पेशींमध्ये बंद होतात. पाचव्या विभाजनाला उरलेले 14 न्यूक्लियस विभागतात आणि तेव्हा साधारण 32 क्रोमोसोम मधेच पडून राहतात. बाकीचे आठ नेहमीसारखे दोन्ही टोकांकडे ओढले जातात, नवे न्यूक्लियस बनतात, आणि मधे राहिलेला तो ढीग बलकात विरघळून जातो. मागच्या टोकाचे दोघे मात्र या वेळी विभागतच नाहीत, त्यांचे सगळे क्रोमोसोम शाबूत राहतात.

म्हणजे माशीचं डोकं, पाय, पंख, आतडं, सगळं शरीर आठ-सहा क्रोमोसोमवर चालतं, मादीत आठ आणि नरात सहा, आणि पूर्ण संच फक्त त्या दोन पेशींच्या वंशात राहतो, ज्यातून पुढं अंडाशय आणि वृषणातल्या जननपेशी बनतात. टाकून दिल्या जाणाऱ्या क्रोमोसोमना ई क्रोमोसोम म्हणतात आणि शरीरात राहणाऱ्यांना एस.

विद्यार्थिनीनं इथं एक प्रश्न विचारला जो मला फार आवडला. ती म्हणाली, मॅडम, ई क्रोमोसोम टाकायचेच आहेत असं त्या न्यूक्लियसला कोण सांगतं, क्रोमोसोममध्येच काही असतं की जागेत?

याचं उत्तर 1970 मध्ये बँटॉक नावाच्या संशोधकानं दिलं, आणि प्रयोग एवढा सरळ आहे की मी तो वर्गात फळ्यावर काढूनच शिकवते. त्यानं हेसियन माशीचं अंडं मागच्या टोकाजवळ आवळलं, असं की न्यूक्लियसना पोल प्लाझमपर्यंत जाताच येऊ नये. अंडं तसंच धरून पाचवं विभाजन होऊ दिलं. झालं काय, तर सगळ्याच्या सगळ्या न्यूक्लियसनी ई क्रोमोसोम टाकले, एकही वाचला नाही. मग आवळ सोडली. न्यूक्लियस मागच्या टोकाला गेले, तिथं जननपेशी बनल्या पण, फक्त त्यांच्यात आता आठच क्रोमोसोम होते. अंड्यातून अळी निघाली, माशी पण झाली, बाहेरून बघितलं तर काहीच बिघाड नाही. पण मादीच्या अंडाशयात अंडी तयार झालीच नाहीत, आणि नरातही शुक्राणू बनायचं काम नीट पार पडलं नाही. त्याच्या आधी पोलंडच्या गेयर-दुशिन्स्का यांनी वाख्तलिएला नावाच्या दुसऱ्या गादमाशीवर अशाच धर्तीचे प्रयोग केले होते आणि निष्कर्ष त्याच दिशेचे होते.

तर उत्तर असं, न्यूक्लियस कुठं उभा आहे यावर ठरतं. सोळाही न्यूक्लियस तोवर सारखेच, कोणाच्या कपाळावर काही लिहिलेलं नाही, जो पोल प्लाझममध्ये पोचला त्याचं सगळं राहिलं. आणि ते पोल प्लाझम कोण ठेवतं? आई. अंडं अंडाशयात बनत असतानाच मागच्या टोकाला ते भरलं जातं, बाप तेव्हा चित्रात पण नसतो. ई क्रोमोसोम सुद्धा फक्त आईकडूनच येतात, कारण शुक्राणू बनताना नर ते टाकून देतो.

हे मला इतकं जोर देऊन सांगावंसं वाटतं कारण कुंड्यांचं कोडं इथंच सुटतं. ई क्रोमोसोम टाकल्यावर गोष्ट संपत नाही. भ्रूणाच्या सुरुवातीच्याच काळात काही अंड्यांत आणखी एक वगळणं होतं, आणि त्या वेळी बापाकडून आलेले एक्स क्रोमोसोम टाकले जातात. हेसियन माशीत एक्स दोन प्रकारचे, एक्स 1 आणि एक्स 2. ज्या अंड्यात बापाचे एक्स टाकले गेले तिथं शरीरात आईचे दोनच राहतात, एकूण सहा क्रोमोसोम, आणि तो नर होतो. जिथं टाकले गेले नाहीत तिथं आठ, आणि ती मादी. फलन झालं तेव्हा दोघांच्यात काहीच फरक नव्हता. माणसात जसं कुठला शुक्राणू पोचला यावर मुलगा की मुलगी ठरतं तसं इथं होतच नाही, सगळे शुक्राणू एकसारखे.

आणि बापाचे एक्स ठेवायचे की टाकायचे हे ठरवते आई, तेही आपल्या सगळ्या अंड्यांसाठी एकदाच. 2010 मध्ये यावर एक सुंदर काम प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की ज्या माद्यांना फक्त मुली होतात त्यांच्या दोन एक्स 1 पैकी एकावर उलटा फिरलेला एक तुकडा असतो, आणि त्याच्याच सोबत एक घटक असतो जो अंड्यात बापाचे एक्स राखून ठेवतो. ज्या माद्यांकडे तो नसतो त्यांच्या अंड्यांतून बापाचे एक्स जातात आणि सगळे मुलगे. आता हिशोब बघा, मुली फक्त पहिल्या प्रकारच्या आयांना होतात, आणि त्या आईच्या दोन एक्स 1 पैकी एकावरच तो घटक आहे, म्हणून निम्म्या मुलींना तो मिळतो आणि निम्म्यांना नाही. पुढच्या पिढीत परत निम्म्या मुलीवाल्या, निम्म्या मुलगेवाल्या. एकेक कुटुंब एकतर्फी असूनही शेतात नर पण असतात आणि माद्या पण, ते यामुळं.

ती दोन्ही लिंगं निघालेली कुंडी विद्यार्थिनीला रिपोर्टातून काढून टाकायची होती, तिला वाटलं त्यामुळं बाकीचं पण संशयात येईल. मी तिला सांगितलं की ती कुंडी आहे तशी लिही. जाळीला फट राहून बाहेरची मादी आत शिरली असेल ही शक्यता लिही, आणि हेसियन माशीत सुद्धा काही कुटुंबं मिश्र निघतात हे पण लिही. आकडे छान दिसावेत म्हणून एक कुंडी गाळणं हे मला अजिबात मान्य नाही.

आता काकांचा प्रश्न. त्यांना क्रोमोसोमशी काय देणंघेणं, त्यांनी विचारलं की गादमाशीला दाद न देणारं बियाणं आणलं तर ते किती वर्षं चालेल? या प्रश्नाचं उत्तर सुद्धा त्याच अंड्यात आहे.

भारतात गादमाशीचे सात बायोटाइप ओळखले गेलेत, म्हणजे दिसायला सारख्याच पण कुठल्या वाणावर जगू शकतात यात वेगळ्या. जीएम 2 नावाचं प्रतिकारक जीन असलेला फाल्गुना हा वाण एके काळी मोठा आधार होता, मग आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर श्रीकाकुळम भागात त्यावर जगणारी माशी आली आणि तिथं त्याचा उपयोग राहिला नाही. नंतर आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी संकर करून दाखवलं की जीएम 2 ला हरवण्याची ही ताकद माशीच्या एकाच जीनमुळं येते, ते जीन एक्सवर असतं आणि सुप्त असतं.

सुप्त म्हणजे मादीत दोन्ही एक्सवर तेच असेल तरच ते दिसणार. शेतात समजा शंभरात एका एक्सवर असं जीन आहे. मादीला दोन्हीकडून मिळायची शक्यता दहा हजारात एक, म्हणजे जवळजवळ नाहीच. नराच्या शरीरात मात्र एक्स फक्त आईचा, त्यामुळं झाकायला दुसरं काही नाही, शंभरात एक नर त्या प्रतिकारक वाणावर आरामात वाढणार. तो उडून शेजारच्या साध्या वाणावरच्या मादीशी जोडी जमवतो. त्याच्या मुलींमध्ये ते जीन झाकलेल्या अवस्थेत जाणार, पण त्या मुलीला मुलगे झाले की त्यातले निम्मे परत उघडे. म्हणजे प्रतिकारक वाण लावल्यापासून प्रत्येक पिढीत नरांमधून निवड चालू राहते, आणि पिढी तीन-चार आठवड्यांची, म्हणजे एका पावसाळ्यात अनेक पिढ्या.

हेसियन माशीत अजून एक गोष्ट आहे जी ऐकून वर्गातली पोरं थबकतात. नर शुक्राणू बनवताना फक्त आईकडून आलेला संच देतो, बापाकडचं सगळं गाळतो. म्हणजे मुलाकडून नातवंडांना आजोबाचं काहीच जात नाही, आजीचंच जातं. त्यामुळं ज्या नराच्या अंगात ते जीन उघडं आहे आणि त्याच्या जोरावर जो प्रतिकारक वाणावर जगला, त्याच्या प्रत्येक शुक्राणूत ते असणारच.

म्हणून काकांना मी सांगितलं की अख्ख्या वाडीनं एकच प्रतिकारक वाण सगळीकडे लावून वर्षानुवर्षं तोच ठेवणं हे त्या वाणाला लवकर संपवण्यासारखं आहे, वाण बदलत राहा, वेगवेगळे लावा, आणि लावणी जमेल तेवढी लवकर उरका. युरिया एकदम भरपूर मारू नका, हप्त्यानं द्या. आणि पोंगे दिसायला लागल्यावर घाईनं फवारणी करू नका, अळी तेव्हा नळीच्या आत सुरक्षित असते, आणि बाहेर जे मरतं ते आपल्या कामाचं असतं.

कामाचं म्हणजे काय तर प्लॅटिगॅस्टर ओरायझी नावाची अगदी बारीक गांधीलमाशी. ही गादमाशीच्या अंड्यात आपलं अंडं घालते, आणि त्या एका अंड्याच्या भ्रूणाचे पुढं तुकडे होत जाऊन एका अंड्यातून अनेक गांधीलमाश्या तयार होतात, सगळ्या त्या अळीला आतून खाऊन. विद्यार्थिनीनं चिरलेल्या काही पोंग्यांत अळीची कातडी दाण्यांनी गच्च भरल्यासारखी दिसत होती, ते हेच. भिंगाखाली धरून काकांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ बघत बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे ह्येंका मारूचा न्हय." बरोबर.

थोडं विषयांतर करते पण हे राहवत नाही. घरात कुंडीच्या ओल्या मातीवर जी काळी चिलटं उडतात ती सायरिडी कुटुंबातली, गादमाशीच्या नात्यातली. त्यांच्यातही फक्त जननपेशींत राहणारे क्रोमोसोम असतात, त्यांना एल म्हणतात, आणि त्यांच्यातही बापाचे एक्स भ्रूणातून टाकले जातात आणि आईच ठरवते मुलं कुठल्या लिंगाची. 1920 च्या दशकापासून मेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उलगडत नेलं, आणि 1960 मध्ये हेलन क्राउस यांनी याच चिलटांवर काम करताना क्रोमोसोमवर आईचा की बापाचा असा ठसा असतो या अर्थानं इम्प्रिंट हा शब्द वापरला, जो आज माणसांच्या जेनेटिक्समध्ये रोज वापरला जातो. पण मला थक्क करणारी गोष्ट 2022 ची आहे. त्या चिलटांच्या एल क्रोमोसोमचा क्रम वाचला तेव्हा त्यावरची जीन्स चिलटांच्या स्वतःच्या बाकीच्या क्रोमोसोमपेक्षा गादमाश्यांच्या जास्त जवळची निघाली. फार फार पूर्वी दोन घराण्यांच्या पूर्वजांचा संकर झाला असणार आणि तो परका संच जननपेशींत आजवर टिकून राहिला, असा निष्कर्ष संशोधकांनी काढलाय. असे क्रोमोसोम म्हणजे नुसता कचरा असतो असं समजणाऱ्यांनी हे जरूर वाचावं, एल क्रोमोसोमवर हजारो जीन्स आहेत.

परीक्षकांच्या शंकेवर परत येते. आम्ही त्यांना हे सगळं कागदावर दिलं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे याची पुढची परीक्षा घेता येते. भातावरच्या गादमाशीत पण हेसियन माशीसारखंच चालत असेल, तर माद्यांच्या एका कुंडीतल्या सख्ख्या बहिणी घेऊन, नरांच्या कुंडीतल्या नरांशी जोडी लावून, प्रत्येकीला स्वतंत्र कुंडी दिली तर साधारण निम्म्या बहिणींच्या कुंडीतून माद्या आणि निम्म्यांच्या कुंडीतून नर निघायला पाहिजेत. सगळ्याच बहिणी आईसारख्या निघाल्या तर हे स्पष्टीकरण भाताच्या माशीला लागू नाही. नमुने मिसळल्यामुळं तसं दिसत असेल तर निम्मे-निम्मेचा हा हिशोब जमणार नाही.

काकांनी त्यासाठी कुणग्याच्या बांधाजवळची जागा देऊ केलीय, तिथं सावली आहे आणि पाणी हाताशी. जाळ्या या वेळी दुपदरी शिवून घेतल्यात, प्रत्येक कुंडीवर आईचा नंबर आणि आजीचा नंबर दोन्ही लिहायचे ठरलेत, आणि तरवा पेरून झालाय.